शिक्षकांच्या पाल्यांची शुल्क-सवलत : कृपा, की वेतनाचा भाग?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात शाळेच्या सभागृहात विश्वस्त, शिक्षक व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून गौरवाचे चार शब्द बोलावेत, दानशूरांची नावे घ्यावीत आणि खाली बसावे, असा एक संकेत आहे. विश्वस्तांनी मला दिलेला विषय मात्र हिशेबाचा आहे, आणि तो त्यांनी आपण होऊन दिला याबद्दल त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. आपल्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या मुलांना शुल्कात सवलत द्यावी का, द्यावी तर किती, कोणाला आणि कोणत्या नियमाने, हा तो विषय. गेली अनेक वर्षे ही सवलत विनाअनुदानित शाळांत दिली जाते; काही ठिकाणी निम्मी, काही ठिकाणी पूर्ण, काही ठिकाणी फक्त पहिल्या अपत्याला. बहुतेक ठिकाणी ती कागदावर नसते. अर्ज करायचा, कार्यालयाबाहेर थांबायचे, आणि सचिवांची त्या दिवशीची मनःस्थिती जशी असेल तसा शेरा मिळवायचा, अशी पद्धत मी अनेक शाळांत पाहिली आहे.

अनुदानित शाळांत हा प्रश्न फारसा उद्भवत नाही, कारण तेथे शुल्कच नाममात्र असते आणि शिक्षकाचे वेतन शासनाकडून येते. प्रश्न आहे तो विनाअनुदानित, त्यातही इंग्रजी माध्यमाच्या शाळांचा. शिक्षकाचे वेतन मुलांच्या शुल्कातून निघते, आणि त्याच शिक्षकाला स्वतःच्या मुलाचे शुल्क त्याच वेतनातून भरावे लागते. एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणारा हा पैसा वाटेत आटतो. ज्या शाळेत आपण सकाळी सातपासून उभे असतो तिथे आपलेच मूल परवडत नाही, ही गोष्ट एखाद्या शिक्षिकेच्या मनाला किती लागत असेल, ते माझ्यापेक्षा इथल्या शेवटच्या रांगांत बसलेल्या भगिनी अधिक चांगले सांगू शकतील.

प्रथम थोडा इतिहास. महाराष्ट्रातील खासगी शाळांची परंपरा त्यागातून जन्मली, असे आपण अभिमानाने म्हणतो आणि ते खरेही आहे. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर सेवेची प्रतिज्ञा घेतली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्याचे मान्य केले होते. पण त्याच संस्थेत थोड्याच वर्षांत, आजीव सदस्यांनी बाहेरची कामे व बाहेरची मिळकत स्वीकारावी की नाही, यावरून तीव्र मतभेद झाले आणि लोकमान्य टिळक १८९० मध्ये संस्थेतून बाहेर पडले. इतर कारणेही होती, हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. मला एवढेच दाखवायचे आहे की, ध्येयवादाच्या त्या ऐन उमेदीच्या काळातही शिक्षकाचा प्रपंच कसा चालायचा हा प्रश्न कोणाला टाळता आला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. कुंभोज येथे १८८७ साली एका जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ही कथा आपण मुलांना सांगतो. सांगावीच. परंतु तो त्याग संस्थापकाच्या घरातला होता. ज्याने संस्था काढली त्याने आपल्या घरातले सोने मोडावे, हे थोर. ज्याला आपण नेमणूकपत्र देऊन कामावर घेतले त्याच्याकडून मात्र तशाच त्यागाची अपेक्षा करावी, हे न्याय्य नाही. संस्थांच्या सभांमधून 'शिक्षकी पेशा हे व्रत आहे' हे वाक्य नेमके वेतनवाढीचा विषय निघाला की ऐकू येते, हे आपणां सर्वांच्या लक्षात आलेच असेल.

आता कायद्याकडे वळतो. महाराष्ट्रात खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ मध्ये झाला व त्याखालील नियमावली १९८१ मध्ये आली. मान्यताप्राप्त खासगी शाळा अनुदान घेवो वा न घेवो, तिला हा कायदा लागू आहे; वेतनश्रेणी, रजा, शिस्तविषयक कार्यवाही हे सारे त्यात येते. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने कलम २८ अन्वये शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली. ही मनाई योग्यच आहे. परंतु शिकवणीचा दरवाजा बंद केल्यावर शिक्षकाचे उत्पन्न म्हणजे शाळा देईल तेवढेच, हेही त्याबरोबर स्वीकारावे लागते. म्हणूनच शुल्क-सवलतीकडे सणासुदीच्या भेटीसारखे पाहता येत नाही. ज्या घरात दोन मुले शाळेत जातात त्या घरात ही रक्कम वर्षाकाठी दीड-दोन महिन्यांच्या पगाराइतकी होऊ शकते.

येथे मला एक भेद स्पष्ट करावयाचा आहे. आपल्या परंपरेत आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत, आणि शास्त्रदान म्हणजे ज्ञानदान म्हणून शाळा काढण्याकडे आपला समाज ओढीने वळला. परंतु दान हे परतफेडीच्या अपेक्षेविना दिले जाते. शिक्षकाला दिलेली शुल्क-सवलत त्याच्या सेवेच्या मोबदल्यात दिली जाते, तो नोकरीत आहे म्हणून दिली जाते, आणि त्याने नोकरी सोडली की ती थांबते. तेव्हा हिशेबाच्या वहीत तिची जागा दानधर्माच्या खात्यात नसून वेतनाच्या बाजूला आहे. हे एकदा मान्य केले की बाकीचे नियम आपोआप सुचत जातात.

पण एक धोका लगेच सांगितला पाहिजे. सवलत ही वेतनाच्या बाजूला असली तरी ती वेतनाच्या ऐवजी देता येत नाही. काही संस्था मुलाखतीतच सांगतात, 'पगार श्रेणीपेक्षा थोडा कमी आहे, पण तुमच्या मुलांची फी माफ.' ऐकायला गोड वाटते. समजा, या गोड बोलण्यापायी पगार दरमहा २,००० रुपयांनी कमी धरला गेला. भविष्य निर्वाह निधी पगारावर मोजला जातो, उपदानही शेवटच्या पगारावर मोजले जाते. उपदानाचे सूत्र असे आहे : शेवटचा मासिक पगार, त्याला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर त्या २,००० रुपयांमुळे एकट्या उपदानात सुमारे २८,८०० रुपयांची घट येते. निधीतील घट निराळीच. मुले तर दहावी होऊन केव्हाच बाहेर पडलेली असतात, आणि सवलत त्यांच्याबरोबर संपलेली असते. उपदानाचा हा हक्कही शिक्षकांना सहज मिळाला नाही, हे लक्षात ठेवावे. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हे त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत असा निर्णय दिला. २००९ मध्ये संसदेने दुरुस्ती करून ३ एप्रिल १९९७ पासून तो हक्क बहाल केला. आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. इतक्या खटपटीने मिळालेली गोष्ट फी-माफीच्या मोहात शिक्षकांनी गमावू नये, आणि संस्थांनी गमावायला लावू नये.

आता प्रत्यक्ष खर्चाचा विचार करू. पालकांच्या मनात शंका असते की शिक्षकांच्या मुलांची फी शेवटी आमच्याच खिशातून जाते. शंका रास्त आहे आणि तिला आकड्यानेच उत्तर दिले पाहिजे. उदाहरणादाखल एक शाळा कल्पू. विद्यार्थी ९००, सर्व कर्मचारी मिळून ४०, वार्षिक शुल्क ३०,००० रुपये, आणि कर्मचाऱ्यांची २४ मुले शाळेत. निम्मी सवलत दिली तर वर्षाला ३,६०,००० रुपये कमी येतील. उरलेल्या ८७६ मुलांवर ही रक्कम वाटली तर प्रत्येकी वर्षाला ४११ रुपये, म्हणजे महिन्याला ३४ रुपयांच्या आसपास. हा भार आहे, तो नाही असे म्हणू नये. शिवाय हा आकडा जास्तीत जास्त आहे. सातवीच्या वर्गात पाच बाके रिकामी असतील आणि तिथे शिक्षिकेची मुलगी येऊन बसली, तर शाळेचा खर्च जवळपास वाढत नाही. उलट निम्मे शुल्क जमा होते. ज्या वर्गाला प्रतीक्षायादी आहे, विशेषतः बालवर्ग व पहिली, तिथे मात्र दिलेली जागा म्हणजे खरोखरच सोडलेले शुल्क. खजिनदारांनी हे दोन प्रकार वेगवेगळे मांडले तर सभेतील निम्मा वाद मिटेल.

परंतु याच आकड्यांतून एक अवघड प्रश्न पुढे येतो, आणि त्यावर मला थोडे थांबावेसे वाटते. तेच ३,६०,००० रुपये चाळीस जणांत सारखे वाटले तर प्रत्येकाच्या पगारात महिन्याला ७५० रुपये वाढतात. ती २४ मुले समजा अठरा कर्मचाऱ्यांची आहेत. म्हणजे बावीस जणांना सवलतीचा काहीच लाभ नाही. त्यांत कोणी अविवाहित आहे, कोणाला मूल नाही, कोणाची मुले मोठी झाली, कोणाचे मूल विशेष गरजांचे असल्याने दुसऱ्या शाळेत जाते. काम सारखे, जबाबदारी सारखी, मोबदला मात्र घरातल्या मुलांच्या संख्येवर. हे योग्य आहे का?

माझे मत असे की, सर्वांना सारखा पगार हा पाया आहे आणि तो आधी पक्का झाला पाहिजे. त्यावर सवलत उभारावी. कुटुंबाची गरज पाहून दिलेली मदत अन्यायकारक नसते. मुलाच्या शिक्षणाची दहा-बारा वर्षे ही संसारातली सर्वांत ओढाताणीची वर्षे असतात, आणि अनुभवी शिक्षक शाळा सोडून जातात तेही बहुधा याच वर्षांत. परंतु ज्यांना हा लाभ मिळत नाही त्यांच्यासाठी काही तरी, आरोग्य विम्याचा हप्ता असेल, पुढील शिक्षणासाठी साहाय्य असेल, ट्रस्टने ठेवले पाहिजे. आणि ज्या शिक्षकाचे मूल विशेष शाळेत जाते त्याला आपल्या शाळेतील सवलतीइतकी रक्कम तिकडच्या शुल्कासाठी मिळावी. त्या घराला गरज सर्वांहून जास्त आहे आणि आपल्या नियमात आज त्यांचे नावच नाही.

आता 'शिक्षक' या शब्दाविषयी. नियम लिहिताना हा शब्द लिहिला की शिपाई, लेखनिक, बसचालक, स्वच्छतेचे काम करणाऱ्या मावशी बाहेर राहतात. या लोकांचा पगार सर्वांत कमी. एका शाळेतील बसचालक मला म्हणाले होते, 'सर, रोज चाळीस मुलं या गेटात सोडतो, माझा मुलगा मात्र रस्त्यापलीकडच्या शाळेत चालत जातो.' त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, त्यांनी ते सहज सांगितले. सवलतीचे प्रमाण पगाराच्या उलट ठेवता येते : कमी पगाराला जास्त सवलत. चतुर्थ श्रेणीतील कर्मचाऱ्यांच्या मुलांना पूर्ण शुल्कमाफी दिली तरी वरच्या हिशेबात फार मोठा फरक पडणार नाही, कारण अशी मुले संख्येने थोडी असतात. त्यांना गणवेश व पुस्तकेही लागतात, हे मात्र विसरू नये. नुसत्या फी-माफीने इंग्रजी शाळेचा खर्च सुटत नाही.

विश्वस्तांच्या मुलांविषयीही बोलले पाहिजे, कारण इथे पुष्कळ गोंधळ असतो. 'शिक्षकांना देता, मग ज्यांनी इमारत बांधली त्यांच्या नातवंडांना का नाही?' असे विचारले जाते. उत्तर सरळ आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १३ ने धर्मादाय संस्थेचे उत्पन्न वा मालमत्ता विश्वस्त, मोठे देणगीदार व त्यांचे नातेवाईक यांच्या लाभासाठी वापरण्यास बंधन घातले होते, आणि तसे केल्यास संस्थेची करमाफीच धोक्यात येत असे. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानेही हे तत्त्व सोडलेले नाही. शिक्षकाला सवलत सेवेबद्दल मिळते. विश्वस्ताने सेवा करावी, नातवाचे शुल्क मात्र रांगेत उभे राहून भरावे. एखादे विश्वस्त स्वतः शाळेत शिकवत असतील तर त्यांचे प्रकरण सनदी लेखापालांपुढे ठेवूनच ठराव करावा.

शिक्षकांच्या बाजूनेही कराचा एक मुद्दा आहे. नोकरीमुळे मिळणारे मोफत वा स्वस्त शिक्षण हा आयकराच्या दृष्टीने पगाराबाहेरील लाभ मानला जातो. १९६२ च्या आयकर नियमांत प्रत्येक मुलामागे दरमहा १,००० रुपयांची मर्यादा दीर्घकाळ होती, आणि ती कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मुलांपुरती होती, भाचे-पुतण्यांसाठी नव्हती. आपल्या उदाहरणातील निम्मी सवलत महिन्याला १,२५० रुपये होते, म्हणजे ती मर्यादा ओलांडते. कार्यालयाने दरवर्षी एप्रिलमध्ये चालू नियम पाहून शिक्षकांना आधीच कळवावे. मार्च महिन्यात पगारातून अचानक कर कापला गेला की सवलतीबद्दलची कृतज्ञता एका दिवसात ओसरते.

आणखी एक, प्रवेशाच्या वेळची देणगी. 'आम्ही शिक्षकांकडून देणगी घेत नाही' असे काही संस्था सवलत म्हणून सांगतात. बंधु-भगिनींनो, महाराष्ट्रात प्रवेशासाठी देणगी घेण्यास १९८७ च्या कायद्याने बंदी आहे. जे कोणाकडूनच घेता येत नाही ते माफ करण्याचे पुण्य कोणाच्या खात्यावर जमा होणार?

सवलतीचा नियम लिहिताना सर्वांत काळजीपूर्वक लिहावयाचे कलम म्हणजे ती केव्हा थांबेल हे. मी पाहिलेल्या एका संस्थेत गणिताच्या एका शिक्षिकेचे नोव्हेंबरमध्ये आकस्मिक निधन झाले. मुलगी त्याच शाळेत आठवीत होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कार्यालयाकडून वडिलांना पत्र गेले : सवलत सेवेशी निगडित असल्याने उर्वरित वर्षाचे शुल्क पूर्ण दराने भरावे. लेखनिकाने कोणताही नियम मोडला नव्हता. नियमच तेवढा होता. सहकारी शिक्षकांनी वर्गणी काढून ते वर्ष निभावले, आणि जूनमध्ये ती मुलगी नगरपालिकेच्या शाळेत गेली. आई गेली त्याच वर्षी शाळा आणि मैत्रिणीही गेल्या. माझी विश्वस्तांना हात जोडून विनंती आहे की, सेवेत असताना कर्मचाऱ्याचे निधन झाले वा कायमचे अपंगत्व आले तर त्याच्या मुलांची सवलत दहावीपर्यंत चालू राहील, आणि ती पूर्ण असेल, हे एक वाक्य ठरावात घालावे. अशी वेळ क्वचित येते. म्हणूनच त्याचा खर्चही क्वचित येतो.

निवृत्तीचे आणि राजीनाम्याचे नियम निराळे असावेत. निवृत्त शिक्षकाचे मूल शाळेत असेल तर सवलत चालू राहावी, यात वाद नाही. राजीनामा दिल्यास निदान ते शैक्षणिक वर्ष पूर्ण होईपर्यंत ती काढून घेऊ नये. सवलत हे शिक्षकाला बांधून ठेवण्याचे साधन होऊ नये, असे मला मनापासून वाटते. अपमान सोसत, अन्याय गिळत, केवळ मुलाची दहावी होईपर्यंत थांबलेली माणसे मी पाहिली आहेत. असा शिक्षक वर्गात शरीराने असतो. त्याला थांबवून संस्थेने काय मिळवले?

मुलांचाही विचार करावा. कार्यालयाने सवलतीची यादी सूचनाफलकावर लावू नये, वर्गात नावे पुकारू नयेत, पावतीवर शिक्का मारून ती मुलाच्या हातात देऊ नये. जिथे दोन तुकड्या आहेत तिथे शिक्षकाचे मूल शक्यतो त्याच्या स्वतःच्या तुकडीत नसावे. एकच तुकडी असेल तर त्या विषयाची उत्तरपत्रिका सहकाऱ्याने तपासावी. शिक्षकाच्या मुलाला शाळेत दुहेरी जाच असतो. गुण मिळाले तर 'आईने दिले' आणि गुण कमी पडले तर 'सरांचा मुलगा असून!' हा जाच नियमाने संपणार नाही, पण थोडा हलका होईल.

शेवटी कार्यपद्धती. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शाळेचा शुल्क-प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जातो. त्याच वेळी कर्मचारी-सवलतीचा एकूण आकडा, नावांशिवाय, समितीपुढे ठेवावा. लपवलेल्या आकड्याबद्दल कुजबुज होते. मांडलेल्या आकड्याबद्दल पालक बहुधा समजूतदारपणे बोलतात, हा माझा अनुभव आहे. महामारीनंतर ऑगस्ट २०२१ मध्ये शासनाने खासगी शाळांना १५ टक्के शुल्ककपातीचा आदेश दिला, तेव्हा अनेक संस्थांचे ताळेबंद कोलमडले आणि पहिली कुऱ्हाड लेखी नसलेल्या सवलतींवर पडली. ज्यांच्याकडे ठराव होता, तिथे निदान चर्चा करावी लागली.

म्हणून, अध्यक्ष महोदय, येत्या बैठकीत हा ठराव लेखी यावा. प्रत्येक नेमणूकपत्रात त्याचा एका ओळीत उल्लेख असावा. आणि सुवर्णमहोत्सवी निधीतून काही रक्कम केवळ याच कारणासाठी कायम ठेव म्हणून बाजूला काढावी, जेणेकरून एखाद्या वर्षी विद्यार्थिसंख्या घटली तरी कोणाच्या मुलाच्या फीवर ते बेतणार नाही. दात्यांपैकी कोणी त्यात भर घालू इच्छित असतील तर खजिनदार आज इथेच बसले आहेत. त्यांच्याकडे पावतीपुस्तकही आहे, असे मला मघाशी सांगण्यात आले.